थंड बाजूचा वाडगा

१

सापाच्या पाण्याचा वाडगा उबेच्या दिव्यापासून लांब, पेटीच्या थंड बाजूला ठेवायचा. वाडगा जड मातीचा हवा, आतून झिलई दिलेला, म्हणजे साप कडेवर चढला तरी कलंडत नाही. साप आत वेटोळं घालून बसेल इतका रुंद हवा, आणि पाणी अर्ध्यापर्यंतच. जास्त भरलं तर तो आत उतरला की पाणी बाहेर सांडतं, खालचा भुसा भिजतो आणि ओल्या भुशावर लोळून त्याच्या पोटाला फोड येतात. रोज सकाळी पाणी टाकून द्यायचं आणि वाडगा कढत पाण्याने, व्हिनेगर घालून घासायचा. आतून बोट फिरवायचं, बुळबुळीत लागलं तर पुन्हा घासायचा. त्याचा ब्रश वेगळा, फडकं वेगळं. तो वाडगा चुकून जेवणाच्या भांड्यांत गेला तर मी घर डोक्यावर घेते.

हे सगळं मला माझ्या नवऱ्याने, बेरार्दोने शिकवलं. डोंगरातलं बर्फ वितळलं की आमच्या गावातले पुरुष साप शोधायला निघतात. धरलेले साप घरी सांभाळायचे, मे महिन्याच्या पहिल्या दिवशी संताच्या मूर्तीच्या खांद्यावर घालायचे, मिरवणूक काढायची, आणि मग ज्याला जिथून आणलं तिथेच नेऊन सोडायचं. बिनविषारी असतात, चावले तरी काटेरी झुडपाने ओरबाडल्याइतकंच. बेरार्दो गेल्यापासून हे काम आमचा मुलगा लोरेतो करतो. धरतो तो, उस्तवार मी करते. माझं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात गेलं, त्यामुळे स्वच्छतेच्या बाबतीत मी खडूस आहे असं सगळे म्हणतात. खरंच आहे ते.

एक गोष्ट आधीच सांगते. साप दूध पीत नाही. शाळेतली पोरं दर वर्षी विचारायची आणि मी दर वर्षी सांगायचे, की दूध पाजलंत तर त्याचं पोट बिघडेल आणि पेटी धुवायला मला लागेल. सापाला लागतं ते पाणी, आणि तेही स्वच्छ.

या वर्षी लोरेतोने एकच साप आणला. एरवी तीन-चार तरी असतात. पण सून, नोएमी, नुकतीच बाळंत झाली होती, घरात तान्ही जेम्मा होती, आणि पोराला डोंगर चढायला वेळ कुठला. आणला तो मात्र मोठा होता, चार काळ्या पट्ट्यांचा, माझ्या मनगटाएवढा जाड. "बदामाच्या झाडांखाली दगडांचा ढीग आहे ना, तिथला," लोरेतो म्हणाला. मी कोठीच्या खोलीत काचपेटी लावली, वाडगा थंड बाजूला ठेवला, झाकणाची कडी घातली. कोठीच्या भिंतीपलीकडे नोएमीची खोली. शेगडीची नळी तिथून जाते, खोली उबदार राहते, म्हणून बाळंतिणीला ती दिलेली होती.

पहिले काही दिवस सगळं नेहमीसारखं होतं.

२

आमच्याकडे दुपारच्या जेवणानंतर खिडक्यांच्या झडपा ओढून घेतात आणि सगळं गाव आडवं होतं. त्या वेळात कोणी कोणाच्या दारावर थाप मारत नाही. कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. एकदा अशी झोपून उठले, तोंडावर पाणी मारलं आणि सहज कोठीत डोकावले, तर वाडग्यातलं पाणी गढूळ झालेलं.

मातीने होतं तसं गढूळ नव्हे. पांढरट. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं.

मी सापाला दोन शिव्या हासडल्या आणि पाणी बदललं. साप पाण्यात घाण करतोच, त्यात नवल नाही. पण या पाण्यात घाण नव्हती. कात टाकायच्या आधी साप पाण्यात जाऊन बसतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांवर निळसर साय येते. याचे डोळे लख्ख होते. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पुन्हा तेच. सकाळी पाणी आरशासारखं, दुपारी झोपून उठलं की पांढरं.

मग मी कंबर कसली. वाडगा दिव्यापासून आणखी लांब सरकवला, कारण पाणी कोमट झालं की त्यात जंतू वाढतात आणि ते धुरकट होतं. फरक पडला नाही. वाडगा मोठ्या पातेल्यात उकळला. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून चौकातल्या झऱ्याचं पाणी आणलं. शेवटी मातीचा वाडगाच काढून टाकला आणि स्टीलचा ठेवला. हा मातीचा वाडगा जुना, माझ्या सासूचा, झिलईला बारीक तडे गेलेले. म्हटलं, तड्यांत काहीतरी साचत असेल.

स्टीलच्या वाडग्यातलं पाणीही दुपारी पांढरं झालं. मी तो उचलून नाकाशी नेला. वाईट वास नव्हता. किंचित गोडसर होता, आणि तो वास माझ्या ओळखीचा होता. कुठला ते मात्र आठवेना. मी घाईघाईने पाणी मोरीत ओतलं आणि हात दोनदा धुतले.

३

त्याच सुमाराला जेम्माचं वजन वाढायचं थांबलं.

डॉक्टरीणबाई चांगली होती. तिने ओरडाआरडा केला नाही, पण तराजूकडे बघून तिने चष्मा काढून पुसला. पुढच्या आठवड्यातही असंच राहिलं तर शहरातल्या इस्पितळात दाखल करू, म्हणाली. जेम्माचे हात कपडे वाळत घालायच्या चिमट्यांसारखे बारीक झाले होते. माझी पहिली नात. मी तिला मांडीवर घेतलं की ती मला काही मागायची नाही, नुसती बघत राहायची.

मी सुनेवर घसरले. ही पेस्काराची, समुद्राकाठची पोर, खाते चिमणीएवढं.

"दोन घास जास्त खाल्लेस तर फिगर बिघडेल का तुझी? मसुराचं सूप केलंय, ते तसंच पडलंय!"

"खाते हो मी आई, खाते," नोएमी म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "सकाळी येतं ना दूध. भरपूर येतं. पण दुपारी झोपून उठते तर छाती रिकामी. कोणीतरी सगळं पिऊन गेल्यासारखी. आणि झोप तरी कसली, दगडासारखी! मला जागच येत नाही."

"मग जेम्मा पीत असेल झोपेत."

"ती पाळण्यात असते. आणि रडतसुद्धा नाही दुपारची."

"गुणाची आहे माझी राणी," लोरेतो हसत म्हणाला. "सगळ्या गावात पोरं बोंबलतात, आपली बघा."

आम्हाला सगळ्यांना त्याचं कौतुकच होतं. दुपारभर न रडणारं बाळ. मी शेजारणींना सांगत सुटले होते.

त्या संध्याकाळी नोएमीचं भिजलेलं अंतर्वस्त्र धुवायला घेतलं आणि तो गोडसर वास मला ओळखू आला. साबणाच्या पाण्यात हात तसेच ठेवून मी उभी राहिले. मग स्वतःला झापलं. एर्सिलिया, म्हटलं, घरात बाळंतीण आहे, घरभर दुधाचाच वास असणार. नाकाला दुसरं काय येणार? मला ते पटलं. पटवून घेतलं.

४

उत्सवाच्या आधी गावातले जुने साप धरणारे एकमेकांचे साप बघायला जातात. किंतिनोकाका आले ते वाइनच्या आशेने. बेरार्दोचे जोडीदार, तोंडाने फटकळ, गुडघे गेलेले.

"काय ग एर्सिलिया, या वर्षी एकच? तुझ्या पोराला बायकोने बांधून घातलंय वाटतं!"

"तुम्हाला कोणी बांधून घालायला मिळाली नाही म्हणून जळता," मी म्हटलं आणि ग्लास भरला.

काका हसत पेटीत वाकले, कडी काढून साप दोन्ही हातांवर घेतला. साप निमूट आला. काकांनी त्याला पालथा केला, पोटावरून अंगठा फिरवला, आणि त्यांचं हसू मावळलं. अंगठा त्यांनी मला दाखवला. त्यावर पांढरी भुकटी होती.

"चुना आहे हा," ते म्हणाले. "दगडांतल्या सापाच्या पोटाला ओरखडे असतात. याचं पोट बघ, बाळाच्या गालासारखं. हा भिंतीतला आहे. घराच्या भिंतीतला. लोरेतोने कुठून आणला?"

"बदामाच्या झाडांखालून."

काकांनी साप आत ठेवला, कडी घातली, ती ओढून पाहिली. भरलेला ग्लास तसाच ठेवून ते निघाले. दारात म्हणाले, "विचार त्याला." किंतिनोकाकांनी वाइन टाकून जाणं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मला मात्र आधी हायसंच वाटलं. चुना! अंगावरचा चुना पाण्यात उतरतो, पाणी पांढरं होतं, एवढं साधं कोडं होतं. मी कोमट पाण्याची बादली केली, सापाला मऊ ब्रशने धुतलं, पुसलं, भुसा बदलला. पाण्यावर चुन्याची साय आली ती फेकून दिली. खूप दिवसांनी मनासारखं जेवले.

दुसऱ्या दुपारी पाणी पांढरं होतं. आदल्या दिवसापेक्षा जास्त.

लोरेतो कामावरून आल्यावर त्याला मी स्वयंपाकघरात उभं केलं. आमच्या साप धरणाऱ्यांत एक रीत आहे. माळावरचा धरा, दगडांतला धरा, कुंपणातला धरा, पण घराच्या भिंतीतला धरायचा नाही. घर पडकं असलं तरी नाही. का, ते कोणी सांगत नाही, आणि धरायला शिकणारा विचारत नाही.

"डोंगरावर जायला वेळच नव्हता ग," तो खाली बघत म्हणाला. "आपल्याच वरच्या घरातून काढला. दुसऱ्या कोणाच्या घरातून थोडाच आणलाय?"

भूकंपानंतर गाव खाली सरकलं, आणि वरची घरं तशीच राहिली. तिथेच मी लग्न होऊन आले. लोरेतो तिथेच जन्मला.

"कुठल्या खोलीतून?"

"मागच्या. जिथे पाळण्याची कडी आहे ना अजून भिंतीत, तिच्या खालच्या भोकातून."

"उद्या नेऊन सोड."

"उत्सवाआधी? आई, लोक तोंडात शेण घालतील माझ्या! जेम्माचं पहिलं वर्ष आहे, मला तिच्या नावाने तो संताच्या खांद्यावर घालायचाय. चार दिवस थांब ना."

मी हो म्हटलं नाही, पण त्याच्याशी भांडलेही नाही. मला एक आठवण छळायला लागली होती. त्या मागच्या खोलीत, पाळण्याच्या पायथ्याशी जमिनीवर, माझी सासू हाच मातीचा वाडगा ठेवायची. मी नवी सून, जिभेने तिखट. विचारलं होतं, "कोणासाठी हो हे?" म्हणाली, "मांजरीसाठी." आमच्याकडे मांजर नव्हतं. मी कित्येक दिवस हसत होते तिला. वाडग्यात काय असायचं ते मी कधी वाकून पाहिलं नाही.

५

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, झडपा ओढल्या गेल्या, आणि मी कोठीत खुर्ची टाकून बसले. दार लावून घेतलं. मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं, मग काय ते ठरवता आलं असतं.

साप पेटीच्या उबेच्या बाजूला वेटोळं करून पडला होता, डोकं भुशावर, शेपटी वेटोळ्याच्या आत. कडी घातलेली. पाणी स्वच्छ, तळाचं स्टील चमकत होतं. बाहेर एक गाडी उतारावरून गेली आणि त्यानंतर काहीच आवाज नाही. दिव्याची बारीक गुणगुण तेवढी. मी माळेचे मणी ओढत होते, प्रार्थना मात्र होत नव्हती.

मग भिंतीपलीकडून आवाज आला. हळू, ओला, थांबून थांबून येणारा. बाळ अंगावर पितं तसा. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. नोएमी जागी आहे, पोरीला पाजते आहे. मी उगाच वेड्यासारखी इथे बसले आहे.

मी उठणार, तेवढ्यात सापाच्या गळ्याखालची कातडी हलली. पाणी पिताना हलते तशी. थांबली, पुन्हा हलली. तोंड मिटलेलं होतं आणि वाडगा पेटीच्या दुसऱ्या टोकाला होता. पलीकडचा आवाज थांबला की गळा थांबायचा. आवाज सुरू झाला की गळा हलायचा.

आणि वाडग्याच्या तळातून एक पांढरा धागा वर आला. तो पाण्यात पसरला, विरघळला, त्याच्या मागून दुसरा आला. साप जागचा हलला नव्हता. मी काचेवर ठेवलेला हात तसाच दाबून धरला. मी घाबरले होते, इतकी मी भूकंपातही घाबरले नव्हते.

भिंतीला धरून मी नोएमीच्या खोलीत गेले. अंधार होता, झडपांच्या फटींतून पट्टे पट्टे उजेड येत होता. नोएमी कुशीवर झोपली होती, तोंड उघडं, गाऊनची बटणं सुटलेली, पुढचा भाग भिजलेला. पाळणा तिच्या पलंगाला लागून. जेम्मा जागी होती. टक्क डोळे उघडे, मजेत. तिचे ओठ हलत होते.

तिच्या ओठांतून काहीतरी बाहेर आलेलं होतं. काळपट, निमुळतं, बुटाच्या नाडीएवढं. मला वाटलं दुपट्याची नाडी सुटून तिच्या तोंडात गेली. मी हात पुढे केला, आणि ते मागे गेलं. तिच्या तोंडातून सुळकन निघालं आणि दुपट्याखाली शिरलं, पलंगाच्या बाजूला.

मी दुपटं फेकलं, पांघरूण ओढलं, नोएमीच्या अंगाखाली हात घालून चाचपलं. काही नव्हतं. चादरीवर एक लांब ओली रेघ होती आणि तिला चुन्याचा वास येत होता. नोएमीला एवढ्यानेही जाग आली नाही. जेम्माने मात्र भोकाड पसरलं, चोखणी काढून घेतल्यावर रडतात तसं.

तिला छातीशी धरून मी कोठीत आले. कडी घातलेली होती. साप तसाच, वेटोळं तसंच. फक्त शेपटीचं टोक आता बाहेर आलेलं होतं, आणि ते ओलं होतं.

६

लोरेतोची वाट मी पाहिली नाही. जेम्माला शेजारणीकडे दिलं, सापाला कापडी पिशवीत घातलं आणि वरच्या घराची चढण चढले. वाटेत दोघीतिघींनी झडपा उघडून पाहिलं. पाहू दे. मागच्या खोलीत पाळण्याची कडी अजून भिंतीत होती. मी पिशवीचं तोंड भोकाला लावलं. साप माझ्याकडे न बघता आत गेला, आपल्या घरी जातात तसा.

लोरेतो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. उत्सवात तो रिकाम्या हाताने मिरवणुकीत चालला आणि लोकांनी त्याला हसून घेतलं. मला वाईट वाटलं, पण फार नाही. कारण दुपारी जेम्मा रडत होती! गाव जागं होईल असं रडत होती. नोएमी तिला घेऊन घरभर फिरायची, कंटाळायची, आणि मी स्वयंपाकघरात एकटी हसायचे. वजनाचा काटा थोडा हलला. डॉक्टरीणबाईंनी इस्पितळाचं नाव काढलं नाही. मी काचपेटी धुतली, उन्हात वाळवली, झाकण उघडं टाकून कोठीत ठेवली. सासूचा वाडगा पालथा घातला.

मग एका दुपारी मला जाग आली ती घरातल्या शांततेने. मी पडल्या पडल्या कान दिला. जेम्मा रडत नव्हती. भिंतीपलीकडून तो आवाज येत होता. हळू, ओला, थांबून थांबून येणारा.

मी कोठीत गेले नाही. पेटी रिकामी होती हे मला माहीत होतं. नोएमीच्या दाराशीही थांबले नाही. सरळ स्वयंपाकघरात गेले, दूध कोमट केलं आणि सासूचा वाडगा सुलटा केला. अर्ध्यापर्यंत भरला. नोएमीच्या खोलीत जाऊन पाळण्याच्या पायथ्याशी जमिनीवर ठेवला, थंड बाजूला, शेगडीच्या नळीपासून लांब. पाळण्यात किंवा पलंगावर मी पाहिलं नाही. मान खाली घालून बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. थोड्या वेळाने आवाज थांबला, आणि जेम्मा रडायला लागली.

संध्याकाळी वाडग्यात पाणी होतं. नुसतं पाणी, इतकं स्वच्छ की झिलईतले बारीक तडे मोजता आले असते.

तेव्हापासून रोज ठेवते. रोज सकाळी कढत पाण्याने, व्हिनेगर घालून घासते, वेगळ्या ब्रशने. जेम्माने बाळसं धरलंय. तिच्या मनगटाला वळ्या पडायला लागल्यात. माझ्या जिवात जीव आलाय, हे मी कबूल करते, आणि रोज दुपारी भीती वाटते हेही.

काल नोएमी दारात येऊन उभी राहिली. मी गुडघ्यांवर बसून वाडगा ठेवत होते.

"आई, हे कोणासाठी?"

"मांजरीसाठी."

ती हसली. कडेवर जेम्मा तिचे केस ओढत होती. "आपल्याकडे मांजर कुठाय?" म्हणाली. मग म्हणाली, की त्यांचं ठरलंय, उन्हाळ्यात ती जेम्माला घेऊन पेस्काराला आईकडे जाणार आहे. समुद्राची हवा, निदान थंडी पडेपर्यंत.

माझ्या हातातलं थोडं दूध फरशीवर सांडलं. ते पुसायला मला बराच वेळ लागला. तिला काय सांगायचं? कुठल्या तोंडाने?

"जाशील तेव्हा हा वाडगा घेऊन जा," मी म्हटलं.

मला वाटलं ती पुन्हा हसेल. ती हसली नाही. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पाळण्याकडे, आणि जेम्माला घट्ट धरलं. गाऊनचं वरचं बटण तिने नकळत लावून घेतलं.

"किती भरायचा?" तिने हळूच विचारलं.

"अर्ध्यापर्यंत," मी म्हटलं. "बाहेर सांडू द्यायचं नाही."